आधी फायली, मग दुरुस्ती

लॅपटॉपचं बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं. नेहमीच्या रंगीत पडद्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द उमटला : ‘इनिट्रॅमएफएस’. पुढे लुकलुकणारा कर्सर. एंटर दाबलं की तोच शब्द पुन्हा खालच्या ओळीत. आदल्या रात्री वीज गेली तेव्हा बॅटरीही संपली आणि अपडेट अर्धवट राहिलं, एवढंच घडलं होतं. आता आतल्या प्रबंधाचं, बारशाच्या फोटोंचं, दुकानाच्या हिशेबांचं काय?

याच लॅपटॉपला लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावून पाहा. तो व्यवस्थित चालू होतो. पडदा उजळतो, वायफाय लागतं, आणि थोडी खटपट केली की बारशाचे फोटोही दिसायला लागतात. मघाशी मेलेला वाटणारा लॅपटॉप असा कसा चालतो? आणि फोटो आत होतेच, तर ते आधी का दिसत नव्हते? या कोड्याचं उत्तर नीट कळलं, की लिनक्सचा संगणक सुरू होत नसेल तेव्हा काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे दोन्ही कळतं.

बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत

संगणक सुरू होताना पाच कामं एकामागून एक होतात आणि प्रत्येक काम झालं की ते पुढच्याच्या हाती सूत्रं देतं.

पहिलं काम मदरबोर्डवरच्या फर्मवेअरचं. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आताच्या यंत्रांत यूईएफआय असतो. मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना, हे तो तपासतो आणि डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतो. बहुतेक लिनक्स संगणकांत हा प्रोग्रॅम ‘ग्रब’ असतो. ग्रबचं काम एवढंच, की लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल शोधून तो मेमरीत चढवायचा. कर्नलसोबत ‘इनिट्रॅमएफएस’ नावाची एक तात्पुरती, छोटी फाइल-व्यवस्थाही मेमरीत चढते. डिस्क वाचायला लागणारी सगळी हत्यारं तिच्यात असतात. ती हत्यारं वापरून कर्नल डिस्कवरचा मुख्य विभाग उघडतो. यालाच माउंट करणं म्हणतात. शेवटी ‘सिस्टमडी’ हा प्रोग्रॅम बाकीच्या सेवा सुरू करतो आणि लॉगिनचा पडदा येतो.

पडद्यावर काय दिसतं, यावरून गाडी कुठल्या पायरीवर अडली ते ओळखता येतं. ‘ग्रब रेस्क्यू’ असं दिसलं तर ग्रबला स्वतःचे उरलेले भाग सापडत नाहीत. ‘कर्नल पॅनिक’ आलं आणि त्यात मुख्य फाइल-व्यवस्था माउंट करता येत नसल्याची तक्रार असली, तर बऱ्याचदा अपडेटमध्ये इनिट्रॅमएफएस अर्धवट तयार झालेली असते. ‘इनिट्रॅमएफएस’ हा शब्दच समोर उभा राहिला, तर मुख्य विभाग सापडला नाही किंवा त्यात विसंगती सापडली. १ मिनिट ३० सेकंदांची मुदत मोजली जाते आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ येतो, तेव्हा बहुधा ‘एफएसटॅब’ या यादीत अशा डिस्कचं नाव असतं जी आता जोडलेलीच नाही. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा परत येत असेल, तर डिस्क काठोकाठ भरली आहे का ते आधी पाहावं. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की अक्षरी पडदा मिळतो आणि तिथून लॉगिन होऊन फायली सरळ बाहेरच्या डिस्कवर नेता येतात.

पहिल्या तीन पायऱ्यांत तुमच्या एकाही फायलीला हात लागलेला नसतो. तिथे काही बिघडलं म्हणजे फायली बिघडल्या असं होत नाही.

जमीन आणि दप्तर

डिस्कवर फायली कशा नांदतात, हे समजून घ्यायला गावची जमीन आणि तलाठ्याचं दप्तर डोळ्यांसमोर आणा.

डिस्क म्हणजे शिवार. उबुंटू, डेबियन अशा वितरणांत सहसा ‘एक्स्ट४’ ही फाइल-व्यवस्था असते. ती या शिवाराचे साधारणपणे ४,०९६ बाइटचे गट पाडते. या गटांना ब्लॉक म्हणतात. एखादा फोटो अशा शेकडो ब्लॉकमध्ये बसतो. कुठले ब्लॉक कुठल्या फायलीचे, हे एका नोंदीत लिहिलेलं असतं. तिला ‘आयनोड’ म्हणतात आणि तो त्या फायलीचा सातबारा समजायला हरकत नाही. फायलीचा आकार, मालक, तारखा आणि ब्लॉकचे पत्ते त्यात असतात. फायलीचं नाव मात्र त्यात नसतं. नाव फोल्डरमध्ये असतं आणि त्या नावापुढे आयनोडचा क्रमांक लिहिलेला असतो.

सातबाऱ्यावर बदल चढण्याआधी त्याची नोंद फेरफार नोंदवहीत होते. एक्स्ट४ तशीच वही ठेवते, तिला ‘जर्नल’ म्हणतात. कुठल्या नोंदी बदलायच्या आहेत ते आधी जर्नलमध्ये लिहिलं जातं आणि मग ते मूळ जागी चढतं. मधेच वीज गेली, तर पुढच्या वेळी जर्नल वाचून अर्धवट काम पुरं केलं जातं किंवा सोडून दिलं जातं. म्हणून वीज गेल्यावर सहसा अगदी शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेलं तेवढं जातं, बाकीचा डोलारा उभा राहतो.

आता संगणक सुरू होत नाही, याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. एक, तलाठ्याचं कार्यालय उघडत नाही. दप्तर आणि जमीन दोन्ही ठीक आहेत. दोन, दप्तराचीच पानं फाटली. जमीन जागेवर आहे. तीन, नदीने काठ कापत नेला, जमीनच चालली आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर केला, तर होतं नव्हतं तेही जातं. म्हणून आपलं प्रकरण कुठलं आहे हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फक्त वाचायचं.

कार्यालय बंद : पेन ड्राइव्हवरून आत

फक्त वाचायचं तर आपल्याला दुसरी, चालती व्यवस्था हवी. ‘लाइव्ह’ पेन ड्राइव्ह ती देतो. तो आपल्याच यंत्राचा प्रोसेसर आणि मेमरी वापरतो. कर्नल आणि बाकी सगळं मात्र पेन ड्राइव्हवरून मेमरीत चढवतो, त्यामुळे आतल्या डिस्कची त्याला गरजच पडत नाही. मेलेला लॅपटॉप चालू झाला, या कोड्याचं उत्तर हेच. मेला होता तो डिस्कवरचा कर्नलपर्यंतचा रस्ता. यंत्र शाबूत होतं. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘नॉपिक्स’ ही सीडीवरून चालणारी लिनक्स आणली, तेव्हापासून ही युक्ती घरोघरच्या वापरकर्त्यांपर्यंत पोचली.

दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उबुंटूची किंवा ‘सिस्टमरेस्क्यू’ची आयएसओ फाइल उतरवून घ्या आणि ‘रूफस’ किंवा ‘बलेनाएचर’ने ती पेन ड्राइव्हवर चढवा. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेसा आहे. त्यावरचं जुनं सगळं पुसलं जाईल, म्हणून तो रिकामाच घ्या. बंद पडलेल्या संगणकाला तो लावून सुरू करताना एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबली की कुठून सुरू करायचं ते विचारणारी यादी येते. उबुंटूचा पडदा आल्यावर ‘ट्राय’ निवडायचं. शेजारचा ‘इन्स्टॉल’चा पर्याय डिस्क पुसू शकतो, म्हणून इथे घाई नको.

आता टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. यंत्राला जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे विभाग उतरंडीने दिसतात. जुन्या पद्धतीच्या डिस्कला ‘एसडीए’सारखं नाव असतं, नव्या एनव्हीएमई डिस्कला ‘एनव्हीएमई०एन१’ असं. नावांपेक्षा आकार पाहा. काहीशे एमबीचा फॅट प्रकारचा विभाग यूईएफआयचा असतो, सगळ्यांत मोठा विभाग बहुधा तुमचा. पेन ड्राइव्हही याच यादीत असतो, तो आकारावरून बाजूला काढता येतो.

तो मोठा विभाग माउंट करताना ‘आरओ’ हा पर्याय द्या. त्याचा अर्थ फक्त वाचन. इथे एक बारकावा आहे. एक्स्ट४ फक्त वाचनासाठी उघडली, तरी जर्नलमधलं राहिलेलं काम ती डिस्कवर पुरं करते. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये असं वाटत असेल, तर ‘आरओ’सोबत ‘नोलोड’ हा पर्यायही द्यावा लागतो.

विभाग उघडला की त्यात ‘होम’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात तुमच्या नावाचा. त्यावर क्लिक केलं की परवानगी नसल्याची सूचना येते. अनेक जण इथे घाबरतात, पण हे बरोबरच आहे. लिनक्स मालकाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो आणि पेन ड्राइव्हवरचा पाहुणा वापरकर्ता वेगळा असू शकतो. ‘सुडो’ वापरून हा अडसर ओलांडता येतो, आणि उबुंटूच्या लाइव्ह व्यवस्थेत ‘सुडो’ पासवर्ड विचारत नाही. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या : नुसता लॉगिनचा पासवर्ड फायलींचं रक्षण करत नाही. पेन ड्राइव्ह हातात असलेल्या कुणालाही त्या वाचता येतात.

फायली बाहेरच्या डिस्कवर नेताना ‘आरसिंक’ ही आज्ञा सोयीची, कारण मधे तुटलं तर राहिलेलं तेवढंच ती पुन्हा नेते. बाहेरची डिस्क फॅट३२ची असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. एक्सफॅटला ती अडचण नाही, पण नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असलेल्या फायली ती नाकारते. दस्तऐवज, फोटो आणि डाउनलोड एवढंच नेऊन थांबू नका. टिंबाने सुरू होणारे फोल्डर एरवी दिसत नाहीत. थंडरबर्डमधल्या मेल, फायरफॉक्सच्या खुणा आणि साठवलेले पासवर्ड, एसएसएचच्या किल्ल्या अशा लपलेल्या फोल्डरांत असतात. फाइल व्यवस्थापकात कंट्रोल आणि एच दाबलं की ते दिसतात. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत फायरफॉक्सचा फोल्डर ‘स्नॅप’च्या आत सापडतो.

कुलूप लावलेली डिस्क

लिनक्स बसवतानाच एन्क्रिप्शन निवडलं असेल, तर विभागाचा प्रकार ‘क्रिप्टो लक्स’ असा दिसतो. लक्समध्ये डिस्कवरचं सगळं सांकेतिक रूपात असतं. त्याची खरी किल्ली विभागाच्या सुरुवातीच्या ‘हेडर’मध्ये असते, आणि तीही तुमच्या पासफ्रेजने बंद केलेली. लाइव्ह व्यवस्थेत त्या विभागावर क्लिक केलं की पासफ्रेज विचारली जाते आणि ती दिली की पुढचं सगळं वरच्यासारखंच. बरोबर पासफ्रेज नाकारली जात असेल, तर कीबोर्डची मांडणी तपासा. मांडणी बदलली की काही चिन्हांच्या जागा बदलतात आणि तुम्ही टाइप करता ते यंत्राला वेगळंच ऐकू जातं. पासफ्रेज विसरली किंवा प्रत नसलेलं हेडर नष्ट झालं, तर मात्र कुठलीही प्रयोगशाळा ती डिस्क उघडू शकत नाही.

फेडोरा वापरणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी दिसेल. २०२० च्या फेडोरा ३३ पासून तिथे डेस्कटॉपसाठी ‘बीटीआरएफएस’ ही फाइल-व्यवस्था मूळ निवड आहे. विभाग उघडल्यावर थेट ‘रूट’ आणि ‘होम’ असे दोन भाग दिसतात. फायली ‘होम’मध्ये आहेत.

दप्तराची पानं फाटली

विभाग उघडतच नसेल, तर दुसरं प्रकरण आहे. एक्स्ट४च्या दप्तराचं पहिलं पान म्हणजे ‘सुपरब्लॉक’. एकूण ब्लॉक किती, प्रत्येक केवढा, हे त्यात असतं. ते बिघडलं की सगळी फाइल-व्यवस्थाच ओळखू येत नाही. सुदैवाने याच्या नकला डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. ब्लॉक ४,०९६ बाइटचे असतील, तर पहिली नक्कल ३२,७६८ व्या ब्लॉकमध्ये सापडते. दुरुस्तीच्या ‘ई२एफएससीके’ या आज्ञेला तो आकडा सांगितला, की ती नकलेवरून काम करते.

पण ‘एफएससीके’ या जातीच्या आज्ञा डिस्कवर लिहितात, हे विसरू नका. ज्या नोंदींचा मेळ बसत नाही त्या तोडून त्या दप्तर जुळवतात. फायली वाचवणं हे त्यांचं पहिलं काम नव्हे, दप्तर सुसंगत करणं हे आहे. म्हणून आधी ‘एन’ हा पर्याय देऊन नुसती पाहणी करा. त्यात काहीच बदललं जात नाही. शक्य असेल तर अख्ख्या डिस्कची नक्कल काढून दुरुस्ती त्या नकलेवर करा. प्रत्येक प्रश्नाला आपोआप ‘हो’ म्हणणारा ‘वाय’ हा पर्याय मौल्यवान डिस्कवर थेट वापरू नये. माउंट केलेल्या विभागावर तर ही आज्ञा कधीच चालवू नये.

दुरुस्तीनंतर ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाचा फोल्डर जरूर उघडा. ज्यांचा सातबारा सापडला पण फोल्डरमधलं नाव हरवलं, अशा फायली तिथे ठेवलेल्या असतात. नावाच्या जागी ‘#’ हे चिन्ह आणि आयनोडचा क्रमांक असतो. मजकूर मात्र शाबूत असू शकतो, उघडून पाहिल्यावर कळतं.

जमीनच चालली असेल तर

डिस्कमधून टकटक आवाज येणं, एक फोल्डर उघडायला मिनिटं लागणं, ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या नोंदीत ‘आय-ओ एरर’ पुन्हा पुन्हा दिसणं, ही डिस्क स्वतःच खचत असल्याची लक्षणं. ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा डिस्कने स्वतःच ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी दाखवते. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये बदलून दिलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर वेळ कमी आहे.

अशा डिस्कवर एकेक फाइल चाळत बसू नये. प्रत्येक वाचनाने तिचं उरलेलं आयुष्य खर्च होतं. इथे अंतोनियो दियाझ दियाझ यांचं ‘डीडीरेस्क्यू’ कामाला येतं. ते अख्ख्या डिस्कची ब्लॉकवार नक्कल दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या जागेवर उतरवतं, आणि त्याची खुबी क्रमात आहे. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं ते घेऊन टाकतं, अडलेली जागा ओलांडून पुढे जातं आणि हट्टी जागांकडे शेवटी वळतं. कुठे काय झालं हे ते एका नकाशा-फायलीत लिहितं. वाचलेल्या भागापुढे ‘+’, वाचता न आलेल्यापुढे ‘-’, अजून न पाहिलेल्यापुढे ‘?’. काम मधेच थांबवलं, तरी नकाशा पाहून ते तिथूनच पुढे सुरू होतं. नक्कल हाती आली की मूळ डिस्क काढून ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे.

डिस्क यादीतच येत नसेल किंवा टकटक थांबत नसेल, तर वीज बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांकडे जा. डिस्क घरी उघडू नका. धुळीचा एक कण तबकडी खरवडायला पुरतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर तोही ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

पुसलेल्या फायली

घाईत नवीन लिनक्स बसवताना जुना विभाग पुसला गेला, असंही होतं. अशा वेळी दप्तर कोरं होतं, पण जमिनीवरचं पीक लगेच जात नाही. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं ‘टेस्टडिस्क’ हरवलेला विभाग शोधून देतं. त्याच्या जोडीचं ‘फोटोरेक’ दप्तराकडे पाहतच नाही. ते ब्लॉकमागून ब्लॉक वाचत फायलींच्या आरंभखुणा शोधतं. जेपेग फोटो नेहमी ‘एफएफ, डी८, एफएफ’ या तीन बाइटने सुरू होतो आणि पीडीएफची सुरुवात सहसा टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते. खूण सापडली की तिथून पुढचं ते उचलतं. फायलींची मूळ नावं आणि फोल्डर मात्र परत येत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली फाइल अर्धवटच हाती लागते. निघालेल्या फायली नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात.

एसएसडीवर ही आशा फार धरू नये. कुठले ब्लॉक आता मोकळे आहेत हे व्यवस्था एसएसडीला कळवते. याला ‘ट्रिम’ म्हणतात आणि उबुंटूत ते दर आठवड्याला आपोआप होतं. एसएसडी ते ब्लॉक रिकामे करते आणि मग शोधायला काही उरत नाही. एसएसडीवरची फाइल चुकून पुसली, तर संगणक लगेच बंद करणं हाच पहिला उपाय.

चौकट : थोडक्यात

• संगणक सुरू होत नाही आणि फायली गेल्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• पुन्हा इन्स्टॉल करू नका. दुरुस्तीची आज्ञा लगेच देऊ नका.
• लाइव्ह पेन ड्राइव्हवरून विभाग फक्त वाचनासाठी उघडा.
• फायली दुसऱ्या डिस्कवर न्या. लपलेले फोल्डर विसरू नका.
• डिस्क खचत असेल, तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने नक्कल, बाकी सगळं नंतर.
• नेलेल्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. मगच दुरुस्तीला हात घाला.

फायली बाहेर आल्यावर

यानंतरची दुरुस्ती निर्धास्तपणे करता येते. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल निवडून पाहा, अर्धवट अपडेटचे पुष्कळ त्रास तिथेच सुटतात. ‘एफएसटॅब’मधली चुकीची ओळ काढता येते, ग्रब पुन्हा बसवता येतो, आणि काहीच जमलं नाही तर नवीन लिनक्स बसवायला तासभरही पुरतो. प्रबंध मात्र तासाभरात पुन्हा लिहून होत नाही, आणि बारशाचा फोटो तर पुन्हा काढताच येत नाही. म्हणूनच क्रम उलटा करायचा नाही.

तुमचा संगणक आज नीट चालत असेल, तर चार कामं आजच करून ठेवा. एक लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करून तो सुरू होतो का ते एकदा पाहा. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असू द्या. लक्स वापरत असाल, तर पासफ्रेज कागदावर लिहून सुरक्षित ठेवा आणि ‘क्रिप्टसेटअप’ने हेडरची प्रत काढून ती दुसरीकडे ठेवा. ही कामं संगणक चालू असतानाच सोपी असतात. तो बंद पडल्यानंतर पहिलं काम करायलाही दुसऱ्या कुणाचा संगणक लागतो.